गणिताचं जनुक थुंकीत सापडत नाही

संपादक महोदय,

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक शिबिर झालं. मुलाच्या थुंकीवरून त्याला गणित येणार की गाणं ते सांगणार, फी साडेसहा हजार. चार वर्षांच्या नातीला घेऊन सून निघाली, तशी मीही मागोमाग गेले. एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलंय, खोड जात नाही.

टाय लावलेल्या मुलाला विचारलं, "बाळा, हिच्या डोळ्यातल्या आणि यकृतातल्या पेशींत जनुकं तीच ना? मग डोळ्याचं यकृत का होत नाही?" त्याने माहितीपत्रक पुढे केलं.

माणसात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे 20,000. कुठलं, कधी आणि कोणाबरोबर चालू होतं, यावर सारं अवलंबून. जिवाणूंचं सोपं असतं. 1961 साली पॅरिसच्या जेकब आणि मोनो यांनी दाखवलं, की ई. कोलायमध्ये दुधातल्या साखरेसाठी लागणारी तीन जनुकं शेजारीशेजारी असतात आणि बटण एकच. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या चाळीत गॅलरीतले दिवे असेच एका खटक्यावर लागायचे. आपल्या पेशीत मात्र एकाच कामाची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली. दिवेलागणीला ज्याने त्याने आपापल्या घरातलं बटण दाबावं, तसं. संध्याकाळ झाल्याची वर्दी देणारी प्रथिनं पेशीत असतात. ज्या जनुकांजवळच्या खुणेला ती चिकटतात, ती जनुकं जागी होतात.

हिमोग्लोबिनच घ्या. रक्तातलं प्राणवायू वाहणारं हे प्रथिन, अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचं. अल्फा साखळीची जनुकं 16व्या गुणसूत्रावर, बीटाचं 11व्या. दोन्ही साखळ्या जवळपास सारख्या बनाव्या लागतात. बीटा कमी पडली, की उरलेली अल्फा साचून रक्तपेशींचाच घात करते. हाच बीटा थॅलेसेमिया. पोटातल्या बाळात बीटाऐवजी मुख्यतः गॅमा साखळी चालते. म्हणून थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचं तीव्र रूप असलेलं बाळ जन्मतः धडधाकट दिसतं आणि काही महिन्यांनी पांढरं पडू लागतं. माझ्या वर्गात असा एक मुलगा होता. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायचा, पण प्रॅक्टिकल कधी बुडवलं नाही त्याने.

एका हिमोग्लोबिनला एवढा मेळ लागतो, आणि हे गणिताचं एक जनुक काढून दाखवणार!

सुनेने पैसे भरले नाहीत. इतर अकरा जणांनी भरले. त्यांना विचारलं, "लग्नाआधी एचबीए-टू तपासून घेतलं होतं का कुणी?" दोनच हात वर आले. थॅलेसेमियाचे वाहक, म्हणजे स्वतः धडधाकट पण मुलांना दोष देऊ शकणारे, ओळखणारी ही रक्ततपासणी हॉलमध्ये ठेवावी, असं पत्र मी कमिटीला दिलंय. उत्तर नाही. गणपतीच्या वर्गणीची पावती मात्र आली.

एक निवृत्त शिक्षिका, ठाणे (प.)