प्रिंटर दुरुस्त करणाऱ्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
स. न. वि. वि.

प्रिंट बिघडली की दोष नेमका कुठे आहे हे कसं शोधायचं, ते हाताला धरून शिकवल्याबद्दल घरून टायपिंगची कामं करणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे तुमचे मनापासून आभार.

प्रिंट चुकीची आली की बहुतेक जण आधी ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, उडवून पुन्हा टाकतात आणि त्यात अर्धा दिवस जातो. तुम्ही आधी यूएसबीची वायर काढायला लावलीत. मग प्रिंटर बंद करून, कॅन्सलचं बटण दाबून धरून पॉवर चालू केलीत आणि कॉम्प्युटरशिवाय नोझल चेकचा, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रं तपासायचा, कागद बाहेर आला. बटणं मॉडेलप्रमाणे बदलतात, पण बहुतेक इंक टँक प्रिंटरमध्ये, म्हणजे टाकीत शाई भरायच्या प्रिंटरमध्ये, ही सोय असते. त्या कागदावर रेघा सलग आल्या, तर शाई आणि नोझल ठीक आहेत, आधी फाईल आणि सेटिंग तपासायची. रेघा तुटल्या, तर हेडकडे, म्हणजे कागदावर सरकत शाई सोडणाऱ्या भागाकडे, बघायचं.

तुटलेल्या रेघाही वाचता येतात, हे तुमच्यामुळे कळलं. दरवेळी त्याच जागी खंड पडला, तर तिथे शाई वाळली आहे. प्रत्येक कागदावर खंडाची जागा बदलली, तर नळीत किंवा हेडमध्ये हवा शिरली आहे. हवा असताना हेड क्लीनिंग पुन्हापुन्हा केलं, तर बुडबुडे आणखी फिरतात. दोनतीनदा क्लीनिंग करून फरक पडला नाही, तर प्रिंटर बंद करून 12 तास तसाच ठेवायचा, हा तुमचा सल्ला शाई वाचवणारा आहे. क्लीनिंगमध्ये ओढलेली शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया शाई शोषणाऱ्या गादीत, जाते, आणि पॅडचा काउंटर भरला की प्रिंटर कामच थांबवतो. म्हणून क्लीनिंगचं बटण जपून दाबायचं. शाई वाळू नये यासाठी आठवड्यातून एक रंगीत पान काढायचं, तेवढं पुरतं.

सगळ्यात मोलाची होती ती पारदर्शक पट्टी. हेडच्या मागे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेली असते आणि एका टोकाला बारीक स्प्रिंग असते. तुम्ही टॉर्च तिरका धरलात तेव्हा तिच्यावरच्या केसाएवढ्या बारीक उभ्या रेघा दिसल्या, आणि मधेच शाईचा एक डागही. हेड कुठे पोचलंय हे सेन्सर या रेघा मोजूनच ठरवतो. डागाशी मोजणी चुकते, मग त्या भागातला मजकूर सरकतो किंवा हेड जाऊन कडेला आदळतं. प्लग काढून, धागे न सुटणारं फडकं किंचित ओलं करून हलक्या हाताने पुसायचं. स्पिरिट लावायचं नाही, त्याने रेघाच उडू शकतात. पट्टी स्वच्छ असूनही तक्त्याच्या उभ्या रेषा पायऱ्यांसारख्या आल्या, तर प्रिंटरच्या मेन्यूतून हेड अलाइनमेंट करायची, म्हणजे हेडची जागा जुळवून घ्यायची.

नोझल चेक नीट आला आणि तरी पानाचा खालचा भाग कापला गेला, तर कागदाचा आकार बघायचा. ए4 म्हणजे 210 × 297 मिमी, लेटर म्हणजे 215.9 × 279.4 मिमी. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये मुळात लेटर निवडलेलं असतं. मग 17.6 मिमी उंची कमी पडते: एकतर तळ कापला जातो, नाहीतर सगळं पान साधारण 94 टक्क्यांवर आकसतं. 35 × 45 मिमीचा पासपोर्ट फोटो 33 × 42 होतो आणि परत पाठवला जातो. 10 सेंटिमीटरची रेघ छापून मोजपट्टीने मोजायची तुमची युक्ती आता आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. रेघ 9.4 आली, की आकार दोन्हीकडे बदलायचा, फाईलच्या पेज सेटअपमध्येही आणि प्रिंटरच्या प्रेफरन्सेसमध्येही. प्रिंट काढताना ‘फिट’ऐवजी ‘अ‍ॅक्चुअल साइज’ घ्यायचं.

मराठी मजकुराचं दुखणं निराळं. जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसला, की कागदावर इंग्रजी अक्षरांचा काला येतो. प्रिंटरची त्यात काहीच चूक नसते. फाईल पाठवणाऱ्याकडून फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे फॉन्ट आतच घातलेली, पीडीएफ मागायची. पीडीएफ स्क्रीनवर बरोबर दिसते पण कागदावर वेलांट्या सरकतात किंवा चौकोन येतात, तेव्हा अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट अ‍ॅज इमेज’वर खूण करायची. पान चित्र म्हणून जातं, थोडा जास्त वेळ लागतो, पण अक्षर जसंच्या तसं उमटतं. अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं छापणाऱ्यांना या एका खुणेने फार मोठा आधार दिला आहे.

पावसाळ्यात उघडं रीम ओल धरतं, शाई फुटते आणि पानं एकमेकांना चिकटून दोनदोन ओढली जातात, हेही तुम्हीच सांगितलंत. रीम आता प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद असतं, आणि नोझल चेकचे कागद तारीख घालून फाईलला लावलेले आहेत. पुढच्या वेळी याल तेव्हा ते तुम्हाला दाखवायचे आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले कृतज्ञ,
घरून टायपिंगची कामं करणारे आम्ही सगळे