धोतराच्या चुण्या रेघा ओढून पडत नाहीत

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत लाकडी मूर्ती कोरण्यावर लेख आला होता, वाचून बरं वाटलं, आमच्या कामावर आजकाल लिहितंय कोण. पण त्यात एक वाक्य होतं की आधी अंग गुळगुळीत करा अन् मग व्ही आकाराच्या धारेच्या पटाशीने रेघा ओढल्या की कपड्याच्या चुण्या तयार. ते काही पटलं नाही म्हणून लिहायलोय.

मी अंबाजोगाईकडचा सुतार, दारं-चौकटीवर पोट, रिकाम्या वेळात वारकरी कोरतो. पहिले चार-पाच वारकरी मी पण असेच रेघा मारून केले होते. आईनं बघितलं अन् म्हणाली, ह्यानं काय नांगरलेलं वावर गुंडाळलंय का कमरेला?

तेव्हापासून बघायला लागलो. कापड कुठंतरी अडकतं अन् तिथून खाली ओढलं जातं, म्हणून चुणी पडते. खांदा, कोपर, कंबर, गुडघा ही अडकायची ठिकाणं, तिथं चुण्या दाट अन् बारीक असतात, पुढं जाता जाता पसरतात अन् मधेच विरून जातात, सगळ्याच काय टोकापर्यंत जात नाहीत. कोपर वाकलं की बाही आतून नागमोडी चुरगळते, बाहेरून मात्र ताणून सपाट. शिवाय कापड कोणतं ते पण बघावं लागतं, सुती धोतराला बारीक चुण्या भरपूर, घोंगड्याला दोन-चारच पण जाड, अन् जरीची पैठणी तर अशी मोडते की कडा टोकदार दिसतात. एसटी स्टँडवर अर्धा तास बसा, सगळं फुकट शिकायला मिळतं.

कोरताना आधी कपड्याच्या आतलं अंग ठरवायचं, गुडघा कुठंय तेच माहीत नसलं तर धोतर कशावर टाकणार? मग कपड्यापुरतं लाकूड जास्तीचं ठेवायचं, पेन्सिलीनं फक्त उंचवटे आखायचे, गोल पटाशीनं मोठ्या खळग्या आधी काढायच्या, बारीक चुण्या सगळ्यात शेवटी. अन् चुणीच्या कडेखालून थोडं आत कोरलं की तिथं सावली पडते, त्या सावलीमुळंच लाकूड कापडासारखं पातळ दिसतं. पण इथंच घात होतो. ठोकळ्याच्या लाकडातले तंतू उभे असतील तर उभ्या निऱ्या टिकतात, छातीवरून आडवं गेलेलं उपरणं मात्र आतून जास्त कोरलं की टचकन तुटतं, माझी तीन उपरणी गेलीत अशी. सागवान टिकाऊ खरं पण बारीक कामात कपच्या उडतात अन् पटाशीची धार लवकर जाते, शिवणीच्या झाडाचं लाकूड हलकं असतं, हाताला ऐकतं. जर्मनीत तिलमान रीमेनश्नायडर म्हणून एक कारागीर होऊन गेला, 1531 ला वारला, त्यानं लिंडन झाडाच्या मऊ लाकडात कोरलेल्या झग्यांचे फोटो मोबाईलवर बघितले अन् दोन दिवस पटाशीला हात लावावा वाटला नाही.

आणखी एक, शेवटी पॉलिश पेपर घासत बसू नका. कडा गेल्या की कापडाचा चिखल होतो.

चुण्या पाहिजेतच असं पण नाही म्हणा. अजिंठ्याला 26 नंबरच्या लेण्यातला झोपलेला बुद्ध बघा, चीवर, म्हणजे भिक्खूचं वस्त्र, इतकं पातळ की अंगाला चिकटलंय. तिकडं पेशावरकडच्या जुन्या गांधार प्रदेशातल्या मूर्तींत बघावं तर जाडजूड चुण्यांच्या रांगा. दोन्हीकडं आत माणूस आहे हे मात्र कळतं.

एकच विनंती आहे. लेखासोबतचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढलेला दिसतो, त्यानं सगळ्या सावल्या मेल्या अन् त्या बिचाऱ्या कारागिराचं काम पुरीसारखं सपाट दिसायलंय. पुढच्या वेळी मूर्ती खिडकीपाशी ठेवा अन् बाजूच्या उजेडात फोटो काढा.

आपला वाचक,
एक सुतार, अंबाजोगाई, जि. बीड