रंकाळ्यावरचा अर्धा प्रश्न

चि. पिंट्यास,
अनेक आशीर्वाद.

तू नीट पोचलास हे सूनबाईच्या फोनवरून कळलं. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर बोलायचं तर तुझी आई शेजारी कान लावून बसते, आणि व्हॉट्सअॅपवर माझा अंगठा कुठं पडेल याचा भरवसा नाही. म्हणून कागद काढला.

परवा रंकाळ्याच्या कट्ट्यावर तू म्हणालास, "पप्पा, लग्न झाल्यावर तुम्हाला कधी…" आणि भेळवाल्यानं मध्येच "तिखट किती घालू?" विचारलं. तू "मध्यम" म्हणालास आणि पुढं हिंजवडीच्या ट्रॅफिकवर घसरलास. मी उभं आयुष्य औषधाच्या काउंटरमागे काढलंय रे. अर्ध्यात तुटलेलं असलं वाक्य मला पुरतं. शिवाय निघताना तुझ्या बॅगेच्या बाजूच्या खणातून चूर्णाचं डबडं वर डोकावत होतं. घोड्याचं चित्र असलेलं.

तर आधी उत्तर. हो, ऐन वेळी ताठरता न येणं मलाही झालंय.

आमचं लग्न झालं तेव्हा शुक्रवार पेठेतलं घर पाहुण्यांनी नुसतं भरलेलं. जोतिबाला जाऊन आलो, घरी गोंधळ घातला, डोळ्याला डोळा नाही. आमच्या वाट्याला माडीवरची अर्धी खोली, मध्ये पत्र्याचं पार्टिशन, पलीकडे तुझी आज्जी खोकतेय आणि काकाचं पोरगं पाणी मागतंय. काहीच झालं नाही. दुसऱ्या रात्रीही तेच. मला घाम फुटला. तुझी आई म्हणाली, "झोपा आता, पहाटे नळाला पाणी येतंय, भरायला उठायचंय." पाहुणे पांगले, घर शांत झालं आणि माझी तक्रारही गेली. ना गोळी, ना चूर्ण.

घाम का फुटला ते सांगतो. आमच्या तालमीतले वस्ताद सांगायचे, रक्ताचे चाळीस थेंब आटले की वीर्याचा एक थेंब होतो. लंगोट घट्ट तर पैलवान घट्ट. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला हे सांगितलं की झोपेत कपडे ओले झाले तरी त्याला वाटतं आपण संपलो. वस्तादांवर माझा जीव होता, त्यांनी मला शिस्त दिली, पण हा हिशेब साफ खोटा. वीर्य हे ग्रंथींमधून रोज तयार होणारं पाणीच जास्त. ते गेलं म्हणून ताकद जात नाही. याच भीतीनं खंगलेली इतकी पोरं डॉक्टरांकडे यायची की १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी त्या दुखण्याला 'धात सिंड्रोम' (धात म्हणजे वीर्य) असं नावच दिलं. तूही त्याच तालमीत वाढलास, म्हणून सांगतोय.

आता शरीराचं. मेंदूकडून निरोप आला की लिंगातल्या मज्जातंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं. त्यानं आतले स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं, आणि भरलेल्या दाबानं बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या गेल्या की ताठरता टिकते. म्हणजे ताठरायला स्नायू सैल पडावे लागतात, आवळून उपयोग नाही. भीती वाटली की अॅड्रेनलिन वाढतं आणि तेच स्नायू आवळतात. 'आज होईल ना?' हा विचार आला की अॅड्रेनलिन आलंच. झोपेच्या मागं लागलं की झोप जशी पळते, तसंच हे. एकदा चुकतं, दुसऱ्या वेळी माणूस स्वतःवरच पहारा ठेवतो, आणि तिसऱ्या वेळी त्या पहाऱ्यामुळंच चुकतं.

आणि रोज सारखं नसतंच. कधी लोखंडासारखं, कधी अर्धवट, मध्येच उतरतं, परत येतं. कंडोम चढवेपर्यंत गेलं ही तक्रार तर काउंटरवर नव्या नवऱ्यांची ठरलेली. रात्रपाळी झाली, दोन पेग जास्त झाले, साहेबाशी वाजलं, तर त्या रात्री मन असूनही शरीर साथ देत नाही. एकदा झाल्यावर दुसऱ्यांदा व्हायला विशीत थोडा वेळ लागतो, पुढं तास लागतात, माझ्या वयात दिवस. याला रोग म्हणत नाहीत. निदानाच्या निकषांत सुद्धा चारातल्या तीन वेळा तरी आणि साधारण सहा महिने सतत असं होत असेल तरच तो आजार धरतात. तुझ्या लग्नाला सहा महिने तरी झालेत का?

एक घरच्या घरी बघण्यासारखी गोष्ट. निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, रात्रीत तीन ते पाच वेळा ताठरता येते. पहाटेची ती त्यातलीच शेवटची. तिचा वासनेशी संबंध नाही, तान्ह्या बाळांनाही येते. पहाटे येत असेल तर रक्त, नसा सगळं जागेवर आहे असं बहुतेक वेळा धरायला हरकत नाही. एखाद्या सकाळी नाही दिसली तर मात्र लगेच मोजदाद करत बसू नकोस, जाग कुठल्या टप्प्यात आली यावर ते असतं.

पण पिंट्या, साखर तपासून घे.

मला हे लिहायचं नव्हतं. काळजीचं काही नाही म्हणून सांगायला बसलो आणि मीच काळजी काढली. पण आबांच्या अंगठ्याचं तुला माहीत आहे. मला चाळिशीत लागली, काकाला त्याच्याही आधी. लिंगातल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. साखर, बीपी, तंबाखू यांनी अस्तर बिघडलं की बारीक नळी आधी बोलते, हृदय काही वर्षांनी. माझ्या काउंटरवर पन्नाशीतले दोघं-तिघं असे आले की ज्यांना मी गोळी न देता ईसीजी काढायला पाठवलं. तुझं वय ते नाही, मान्य. तरी.

आणि मावा. सोडला म्हणतोस, पण परवा तुझ्या खिशातून चुन्याचा वास येत होता. निकोटिन त्याच वाहिन्या आकसवतं. तुझं ते रात्री दोनपर्यंत लॅपटॉप, मग बाहेरची बिर्याणी, व्यायाम म्हणजे लिफ्टपर्यंत चालणं… ज्या पोरानं पहाटे चारला उठून हजार बैठका मारल्या, खासबागेत कुस्ती मारल्यावर ज्याला लोकांनी खांद्यावर घेतलं, तो आता… असो. झालं माझं भाषण सुरू. माफ कर. तिथं स्वतःच्या हिमतीवर घर घेतलंस, हप्ते फेडतोस, हे मी सगळ्या गल्लीला सांगत असतो. तुला सांगायचंच राहतं.

आता त्या डबड्याचं. ते खाऊ नकोस. अशा चूर्णांत गुपचूप सिल्डेनाफिल मिसळलेलं पुन्हा पुन्हा सापडलंय. म्हणजे तीच निळी गोळी, व्हायग्रा, जिला १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ती मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासत होते, हे निराळंच निघालं. गोळी वाईट नाही. डॉक्टरांनी दिली तर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. पण डबड्यात किती आहे हे कुणालाच माहीत नसतं. हृदयाची नायट्रेटची गोळी, म्हणजे माझ्या पाकिटात असते ती जिभेखालची, तिच्याबरोबर हे पोटात गेलं तर बीपी एकदम कोसळतं, माणूस जातो. ताकद वाढवण्याच्या असल्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी कोल्हापूर सोडलं की पुण्यापर्यंत हायवेकडेच्या भिंती बघ.

आमच्या दुकानात माणसं कशी यायची माहीत आहे? आधी क्रोसिन मागायचे. मग बाई गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत टूथपेस्टचे भाव विचारायचे. मग काउंटरवर वाकून, "दादा, जरा पॉवरचं काय हाय का?" मी कागदात गुंडाळून द्यायचो नाही, आधी विचारायचो, किती दिवस, पहाटे येतं का, साखर आहे का. अर्धे बोलूनच मोकळे व्हायचे. 'समाजस्वास्थ्य' मासिक काढणाऱ्या र. धों. कर्व्यांनी वाचकांच्या असल्याच प्रश्नांना छापून उत्तरं दिली, १९३४ साली त्यावरून खटला झाला आणि बाबासाहेब आंबेडकर त्यांची बाजू मांडायला उभे राहिले. इतक्या वर्षांनी आपण बापलेक भेळेवर विषय बदलतोय.

सूनबाईला सांग. मला काय सांगितलं ते नको, तुझं तुला काय होतंय ते. तू गप्प राहिलास तर ती पोरगी समजेल की आपणच आवडत नाही. थोडे दिवस 'व्हायलाच पाहिजे' हा हट्ट सोडून नुसते जवळ झोपा. एखादे शनिवार-रविवार पन्हाळ्याला जा, मोबाइल बंद. तीन महिन्यांनी तसंच राहिलं, किंवा पहाटेचंही बंद झालं, दुखतंय, वाकडं वाटतंय, तर एमबीबीएसच्या पुढं शिकलेला यूरोलॉजिस्ट गाठ, तंबूवाला नाही. दुसऱ्या कशासाठी बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनीही असं होतं, पण आपल्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार.

आईला काही बोललो नाही. ती म्हणते पिंट्या बारीक झालाय. बारीक झालास का रे? तहान जास्त लागते? रात्री लघवीला उठतोस? म्हणजे मी उगीच विचारतोय, पण कळव.

तुझे,
पप्पा

ता.क. उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), तिन्ही करून घे. आदल्या रात्री दहानंतर काही खायचं नाही, सकाळी रक्त देईपर्यंत चहासुद्धा नाही. आईनं दिलेले लाडू रिपोर्ट आल्यावर खा.