भांड्यांच्या रस्त्यावरून

निशी-कासाई, टोकियो
रविवार रात्र

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर एवढं सांगून होत नाही आणि फोटो पाठवले की तुम्ही अंगठा दाखवून मोकळे होता, म्हणून पत्र. आईला वाचून दाखवा. तिचा चष्मा अजून दुकानात टाकलेला नसणारच.

इथे एक भांड्यांचा रस्ता आहे, कप्पाबाशी नावाचा. आमच्या इथून तोझाई लाइनने निहोन्बाशी, तिथे गिन्झा लाइन धरायची आणि तावारामाचीला उतरायचं. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या डोक्यावर उंच टोपी घातलेला मिशीवाला खानसामा बसवलाय. म्हणजे नुसतं डोकंच, पण दोन-तीन मजली. तिथून पुढे 800 मीटर. आपल्या साताऱ्यात राजवाड्याहून पोवई नाक्याला चालत निघालं तर वाटेतच संपेल एवढा रस्ता, पण दुकानं 170 च्या आसपास, आणि बहुतेक सगळी स्वयंपाकघराची किंवा हॉटेलवाल्यांची. एकाकडे नुसते चाकू, एकाकडे नुसती लाकडाची भांडी, एकाकडे दारावर लावायचे पडदे आणि कंदील. 1912 च्या सुमारास जुनंपानं सामान विकणाऱ्यांनी इथे बस्तान बसवलं आणि त्याचा हा बाजार झाला. मागच्या महिन्यात मी शहाणी रविवारी गेले होते, तर बरीच शटरं खाली. काल शनिवार साधला.

खोटं जेवण विकणारी दुकानंही आहेत. हॉटेलच्या काचेमागे मांडायला प्लास्टिकचे नूडल्सचे वाडगे, तळलेली कोळंबी, फेसाळलेला बिअरचा ग्लास. पूर्वी हे मेणाचं करायचे. किंमत खऱ्या जेवणाच्या कितीतरी पट. मी एक कोळंबी हातात घेऊन पाहिली आणि मुकाट्याने परत ठेवली.

पण बाबा, एका दुकानात मी खिळून उभी राहिले. अंड्याच्या घड्या घालून करतात त्या आमलेटचे चौकोनी तवे टांगलेले होते. तांब्याचे, जाड पत्र्याचे, आणि आत पांढरीशुभ्र कल्हई! इथे अजून तांब्याला कल्हई करतात. लहानपणी आपल्या भांड्यांच्या दुकानासमोर कल्हईवाला बसायचा, तो नवसागराचा धूर एकदम नाकात आला. किंमत पाहिली आणि लगेच उतरला. इथे वजनावर नाही, नगावर विकतात, मोडही घेत नाहीत. घासाघीस तर विचारूच नका. तुम्ही दहा मिनिटांत कंटाळला असता.

तिथून जवळच चाकूच्या दुकानात आईसाठी एक भाजी चिरायचा चाकू घेतला. पातं चौकोनी, धार सरळ, कोबी छान बारीक होतो म्हणे. विळी असताना हे कशाला, असं आई म्हणणार, ते मी गृहीत धरलंय. पातं पोलादी आहे, ओलं ठेवलं की गंजतं, त्यामुळे चिंच कापून सिंकमध्ये टाकून द्यायचं नाही, हे तिला तुम्हीच सांगा. माझं ती ऐकत नाही.

पैसे दिल्यावर म्हातारबुवांनी खुणेनं विचारलं, नाव घालायचं का? मी हसायलाच लागले. बाबा, इथेही नाव घालून देतात! मशीन नाही. छोटी छिन्नी आणि हातोडी, आधी तुम्ही करायचात तसं. मी कागदावर आईचं नाव मराठीत लिहून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि बोटानं हवेत दोनदा गिरवलं. मग पातं लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून टक् टक् सुरू. एकेक ठोक्याला केसाएवढी रेघ. वेलांटीपाशी थांबले, कागद जवळ ओढला, परत टक्. चार-पाच मिनिटं दुकानात दुसरा आवाज नव्हता.

परतताना निहोन्बाशीला उतरून पूल ओलांडला आणि सारुयामध्ये डोकावले. हे दुकान काय विकतं? दात कोरायच्या काड्या! 1704 पासून. तेव्हा औरंगजेब अजून आपल्याकडेच छावण्या हलवत होता, आणि ही मंडळी काड्या विकत होती. कुरोमोजी नावाच्या सुवासिक लाकडाच्या, हलक्या लाकडी डबीत भरलेल्या. तुमच्यासाठी एक डबी घेतलीय. जेवण झाल्यावर उदबत्तीची काडी मोडून दात कोरणं आता बंद.

चाकू मोठ्या बॅगेतच टाकावा लागेल, तेव्हा दिवाळीला येईन तेव्हाच आणीन.

आणि एक राहिलं. म्हातारबुवांनी अक्षरं कोरायच्या आधी वरच्या रेघेवर बोट ठेवून मला विचारलं होतं, ही आधी की शेवटी? मी म्हटलं, शेवटी, कारण वहीत आपण तसंच लिहितो. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. आता नीट पाहिलं तर रेघ शेवटच्या अक्षराशी किंचित खाली उतरलीय. तुम्ही भांड्यावर रेघ आधी मारायचात ना? शनिवारी फोन करते, तेव्हा सांगा.

तुमची,
बाळी