सहावीच्या वर्गात समुद्र

सांगली

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

पलूसच्या पोरांना समुद्र शिकवायचा आणि निम्म्या वर्गाने तो पाहिलेलाच नाही, म्हणून तू देवमाशांचे व्हिडिओ शोधते आहेस. ते शेवटच्या तासाला ठेव. सुरुवात क्षारपड जमिनीपासून कर. ऊसपट्ट्यातल्या पोरांना ती सांगावी लागत नाही: निचरा नाही, उन्हाने पाणी उडून जातं, वर पांढरा थर राहतो. समुद्राचंही तेच. बोअरच्या पाण्याचे दहा-बारा थेंब काचेच्या तुकड्यावर टाकून उन्हात वाळव, पांढरी रेघ दिसेल. मग नदी खारट का नाही, असं कुणीतरी विचारेलच. कृष्णाही खडकातले क्षार नेतेच, पण तिचं पाणी वाहून जातं. समुद्रातून पाणी वाफ होऊनच निघतं आणि क्षार मागे साठतात. मात्र सगळं मीठ नद्यांनीच नेलं असं ठोकून देऊ नकोस. ज्वालामुखींचा आणि समुद्रतळाच्या गरम झऱ्यांचाही त्यात वाटा आहे.

त्यानंतर भिंतीवरचा नकाशा. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो. महाबळेश्वरहून तो समुद्र सरळ रेषेत जेमतेम साठ-सत्तर किलोमीटर. तिथलीच सावित्री तिकडे उतरते. कृष्णा मात्र पाठ फिरवते आणि सुमारे १४०० किलोमीटर जाऊन आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. या दोन समुद्रांची चवही एक नाही. जगाच्या समुद्रात सरासरी किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असतात. अरबी समुद्र त्याहून थोडा खारा, कारण बाष्पीभवन जास्त आणि नद्या कमी. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा सगळ्या येतात, म्हणून त्याचा वरचा थर बराच कमी खारा.

आता प्रयोग. एकच कर, पण नीट कर. एक लिटर पाण्यात ३६ ग्रॅम मीठ. चमच्याने मोजू नकोस. बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारखा भरत नाही. किराणा दुकानातून वजन करून पुड्या आण. बारीक मिठाने पाणी किंचित गढूळ होतं, जाड्यात माती असते. कोणतंही घेतलंस तरी विरघळवून तासभर ठेव आणि वरचं निवळ ओतून घे. तेवढ्यात ते खोलीच्या तापमानालाही येतं. हे महत्त्वाचं आहे, कारण दोन्ही ग्लासांतलं पाणी सारख्याच तापमानाचं हवं.

काचेचे दोन सारखे ग्लास, एकात साधं पाणी, एकात खारं. स्टीलचे चालणार नाहीत, पोरांना आत दिसायला हवं. मागे पांढरा कागद लाव. खायचा निळा रंग घालून गोठवलेले सारख्या आकाराचे बर्फाचे खडे दोन्हींत एकदमच सोड आणि हात लावू देऊ नकोस. सोडण्याआधी विचार: आधी कुठला वितळेल? बहुतेक हात खाऱ्या ग्लासासाठी वर होतील, कारण मिठाने बर्फ वितळतो हे त्यांनी कुल्फीवाल्याकडे पाहिलेलं असतं. होतं उलटं. साध्या पाण्यात निळ्या धारा खाली उतरतात, कारण वितळलेलं थंड पाणी जड. त्याच्या जागी कोमट पाणी येऊन खडा खात राहतं. खाऱ्यात वितळलेलं गोडं पाणी थंड असूनही हलकंच ठरतं, वरच तरंगतं आणि खड्याभोवती गोधडीसारखं बसतं. तो खडा बराच वेळ टिकतो.

हाच वरचा निळा थर बंगालच्या उपसागरात असतो. नद्यांचं गोडं पाणी वर राहतं, खालचं थंड पाणी सहज वर येऊन मिसळत नाही, पृष्ठभाग तापलेला राहतो. तिथे चक्रीवादळं जास्त होतात त्याच्या कारणांपैकी हे एक. सगळं याच्यावर ढकलू नकोस, वाऱ्यांचाही भाग मोठा आहे. पण त्या थरात आपल्या घाटाखालून गेलेलं पाणीही असतं, हे पोरांना जरूर सांग.

काय बिघडतं तेही लिहिते. रंग घालून पाणी गोठवलं की बर्फ रंगाला मधोमध ढकलतो. खड्याची बाहेरची साल जवळजवळ पांढरी निघते. त्यामुळे पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही आणि वर्ग कंटाळतो. यावर उपाय म्हणजे खडा सोडण्याआधी साध्या पाण्याखाली थोडा धुऊन घे. हुशार पोर असेल तर तिथेच थांबून सांग की ध्रुवाजवळ समुद्र गोठतो तेव्हा मीठही असंच बर्फाबाहेर ढकललं जातं. उरलेलं पाणी अधिक खारं आणि जड होऊन बुडतं, आणि खोल समुद्रातल्या थंड प्रवाहांची सुरुवात होते.

बटाटा तरंगवायचा असेल तर समुद्राएवढं मीठ पुरत नाही. लिटरला १२० ते १५० ग्रॅम लागतं. अंड्याचंही तसंच.

शाळेत फ्रीज नाही, तेव्हा खडे थर्मासात ने, आणि दोनाऐवजी सहा-सात ने. वाटेत झिजतात, त्यातले सारखे दोन निवडून घेता येतील.

तुझी,
आई