हळकुंड मोडल्याचा आवाज

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. नमस्कार.

मंगळवारी मी फोन आपटला. आपटला म्हणजे लाल बटण दाबलं, पण बाबा, तुमच्या कानाला तो आपटल्यासारखाच लागला असणार. तेव्हापासून आईशीच बोलणं चाललंय आणि मागून तुमचा खोकला तेवढा ऐकू येतो. म्हणून कागद घेतला. फोनवर तुम्ही मध्येच बोलता, मग मीही मध्येच बोलते. कागदावर दोघांनाही ते जमायचं नाही.

तुमचं वाक्य डोक्यातून जात नाही. "ज्या हळदीनं तुझी फी भरली, तिच्यातच शिसं शोधत बसलीस होय? उद्या पेपरात सांगलीचं नाव आलं तर मार्केट यार्डात मी तोंड कुठं दाखवू?" चौतीस वर्षं अडत पेढीवर दिवाणजी म्हणून बसलेल्या माणसाला असं वाटणारच. पण मी नक्की काय करते हे चार वर्षांत तुम्हाला धड सांगितलंच नाही, ही चूक माझी. कुणी विचारलं की आई म्हणते, "पुण्यात काहीतरी मोठं शिकतीय," आणि मलाही तेवढ्यावर भागवायची सवय लागली.

आधी शिशाचं सांगते. आई, हे तुझ्यासाठी, कारण सव्वीस वर्षं अंगणवाडीत तू ज्या वयाची पोरं सांभाळलीस, त्यांच्याहून जराशाच मोठ्या पोरांची ही गोष्ट आहे. आमचे दुधाचे दात पडले की तू ते शेणाच्या गोळीत घालून कौलावर टाकायला लावायचीस. अमेरिकेत बॉस्टनजवळ हर्बर्ट नीडलमन नावाच्या डॉक्टरनं शाळेतल्या मुलांकडून ते दात मागून घेतले, दोन हजारांहून जास्त. शिसं रक्तात फार काळ राहत नाही, पण हाडात आणि दातात साठतं. पडलेला दात म्हणजे त्या पोराच्या पाच-सहा वर्षांची खतावणीच, बाबांच्या भाषेत. मग वर्गातल्या बाईंना विचारलं: हे मूल सांगितलेलं ऐकतं का, हातातलं काम पुरं करतं का, की लक्ष सारखं उडतं? कुणाच्या दातात किती शिसं, हे बाईंना माहीत नव्हतं. दातात शिसं जास्त, त्याच्याबद्दल बाईंची तक्रार जास्त आणि बुद्धीच्या चाचणीतले गुण कमी, असं निघालं. त्यातलं एकही मूल आजारी दिसत नव्हतं.

हे १९७९ साली छापून आलं. पुढे शिशाच्या धंद्याची बाजू घेणाऱ्या तज्ज्ञांनी त्याच्यावर लबाडीचे आरोप केले, चौकशा लागल्या, त्यात वर्षं गेली आणि शेवटी तो निर्दोष सुटला. पेट्रोलमधून शिसं काढायला असल्याच अभ्यासांचा आधार झाला. आपल्याकडे देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं ते २००० साली. तोवर दादा बाबांच्या लुनावर पुढे उभा राहून यार्डापर्यंत यायचा आणि मजेत धूर खायचा. मी थोडक्यात वाचले. (हे त्याला वाचून दाखवू नका, दहावीच्या मार्कांचं खापर लगेच लुनावर फोडेल.)

तुझ्या अंगणवाडीत एक मुलगा होता बघ, कायम दाराबाहेर नजर. "याचं चित्त थाऱ्यावर नाही," म्हणायचीस. त्याच्या रक्तात शिसं होतं असं मी म्हणत नाही. पण तुझ्याकडे वजनकाटा होता, दंडाचा घेर मोजायची पट्टी होती. हे मोजायला काहीच नव्हतं.

आता बाबा, तुमची हळद.

बांगलादेशातल्या खेड्यांत चारशेवर गरोदर बायकांचं रक्त तपासलं, तेव्हा जवळजवळ तिघींमागं एकीच्या रक्तात शिसं जास्त निघालं. गावात ना कारखाना, ना मोटारींची वर्दळ. अमेरिकेतलं स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि ढाक्यातली आयसीडीडीआर,बी ही संशोधन संस्था यांनी एकेक करून घर तपासायला घेतलं. माती बघितली, पिकावरची औषधं बघितली, डब्यांचं झाळकाम बघितलं. शेवटी स्वयंपाकघरातली हळद सापडली. ती ओळखली कशी, ते तुम्हाला आवडेल. शिशालाही कूळ असतं. त्याचे अणू सगळे एका वजनाचे नसतात, काही हलके, काही जड, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण खाणीखाणीप्रमाणं बदलतं. बायकांच्या रक्तातल्या शिशाचं प्रमाण जुळलं ते हळदीत घातलेल्या एका झगझगीत पिवळ्या रंगाशी. लेड क्रोमेट त्याचं नाव. रंगकामात वापरतात. तिथले लोक त्याला पेउरी म्हणतात.

आणि हा रंग हळदीत आला कधी? १९८०च्या दशकातल्या एका मोठ्या पुरानंतर. हळद भिजली, काळवंडली, गिऱ्हाईक हात लावेना. मग पॉलिश करताना रंग टाकायला लागले. पूर ओसरला, रंग मात्र राहिला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लायब्ररीत होते आणि मला एकदम हरिपूरची पेवं आठवली, हळद साठवायची जमिनीतली. तुम्ही मला एकदा दाखवायला नेलं होतंत: वर हातभर तोंड, खाली खोल पोट, कडेनं लिंपलेलं. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते, हेही तुम्हीच सांगितलंत. २००५ला कृष्णेचं पाणी तिथं शिरलं. मी सात वर्षांची होते. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घरी आलात, रुमालात चार हळकुंडं होती. एक मोडलंत. खट्ट आवाज आलाच नाही, ओल्या काडीसारखं वाकलं नुसतं. "गेली," म्हणालात आणि ती चारही खिडकीत ठेवून दिलीत. पुढच्या आठवड्यात भिजलेला माल चांगल्यात मिसळायची गोष्ट निघाली, तेव्हा तुम्ही "डागी म्हणून वेगळा लावा, नाहीतर वही दुसऱ्याकडे द्या" म्हणालात. हे मला आईनं फार नंतर सांगितलं.

तर बांगलादेशात पुढं काय झालं ते ऐका. २०१९ साली हे अभ्यास छापून आले. पेपरात बातम्या आल्या, बाजारात सूचना लागल्या, ढाक्याच्या श्यामबाजारात फिरतं न्यायालय गेलं. केस वाळवायच्या यंत्राएवढं एक हातात धरायचं यंत्र असतं, त्यातून क्ष-किरण सोडले की आतला धातू आपापला किरण उलटा टाकतो, शिसं शिशाचा, लोखंड लोखंडाचा. त्यानं पोत्यातली हळद जागेवर तपासली आणि दंड केले. २०१९ला बाजारातल्या शंभरातल्या ४७ नमुन्यांत शिसं सापडत होतं. २०२१ला एकातही नाही. हळदीच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांच्या रक्तातलं शिसंसुद्धा तीसेक टक्क्यांनी उतरलं. तुम्ही हमालांचं विचारणार हे माहीत होतं, म्हणून लिहिलं.

भारतातही असे नमुने सापडलेत. पाटण्याच्या बाजारातल्या काही हळदीत आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या कितीतरी पट शिसं निघालं. मर्यादा आहे दहा लाख भागांत दहा. आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय. नावाला किंमत आली की नावावर दुसऱ्याचा रंगवलेला मालही खपतो, हे मी तुम्हाला काय सांगू.

माझं काम याच रस्त्यावरचं आहे, पण खूपच लहान. ठिकठिकाणची हळद आणायची, आम्लात विरघळवायची, यंत्राला द्यायची, आकडा लिहायचा. प्रत्येक खेपेला एक कोरा नमुनाही चढवायचा, ज्यात हळद नसतेच. त्याचा आकडा शून्याच्या आसपास यायला हवा. गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे माझ्या कोऱ्या नमुन्यात शिसं येत होतं. पाणी बदललं, आम्ल बदललं, काचेची भांडी पुन्हापुन्हा धुतली. रात्री मेसमध्ये जेवण जाईना. शेवटी सापडलं काय? आई, तुझ्या मिसळणाच्या डब्यातला छोटा पितळी चमचा. घरची आठवण म्हणून आणला होता आणि हळद मापून घ्यायला, मग सवयीनं कोऱ्या कुपीतही ढवळायला वापरत होते. पितळ कापायला-कातायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसं घालतात. रसायनशास्त्राची पदवी असलेल्या बाईला हे कळायला तीन आठवडे लागले. सगळे आकडे फेकून दिले. चार वर्षं कुठं जातात असं तुम्ही विचारता ना, ती अशी जातात.

इथं चाललेलं सगळंच संशोधन असं कामाचं असतं, असं मी म्हणणार नाही. भुसा पुष्कळ आहे. पेपरांची संख्या भरायची म्हणून तोच प्रयोग नाव बदलून तीनदा छापणारे आहेत. आणि हळदीवर पेटंट घेतलं तेही एका विद्यापीठानंच, अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या. जखमेला हळद लावणं हा आमचा शोध, असं १९९५ साली त्यांना चक्क मंजूर झालं. आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख होते, ते आव्हान देऊन १९९७ साली रद्द करवलं. पण त्यासाठी आज्जी गुडघ्याला हळद लावायची हे सांगून चाललं नाही. छापील पुरावे लागले, तब्बल ३२. जुने ग्रंथ, १९५३च्या भारतीय वैद्यकीय मासिकातला लेख, असं शोधून काढलं तेव्हा कुठं ऐकलं.

मला त्या गोष्टीतलं हेच लागलं. बाबा, तुम्ही हळकुंड मोडता, आवाज ऐकता, गाभा बघता, नखानं खरवडता, आणि सांगता की राजापुरी आहे का सेलम, किती दिवस वाळलीय, पॉलिशला जास्त फिरवलीय का, वर काही चोळलंय का. पेढीवर तुमच्या शब्दावर भाव ठरायचा. ते कुठं लिहिलंय? तुमच्या वहीत दर आहेत, वजन आहे, तोलाई आहे. बोटांनी काय ओळखलं ते कुठल्याच रकान्यात नाही. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राचं तुम्ही तोंड भरून कौतुक करता. मामांनी त्यांच्या फुले स्वरूपा या जातीचं बेणं लावलं तेव्हा त्याचे गड्डे दाखवत गावभर फिरलात. तेही कृषी विद्यापीठाचंच काम आहे की! तिथला माणूस तुम्हाला सरीत उभा दिसतो म्हणून तो आपला वाटतो, आणि मी बंद खोलीत यंत्रासमोर बसते म्हणून पेठेची वैरी.

तर माझं एक काम आहे. पुढच्या शनिवारी रात्रीच्या गाडीनं येते. बरोबर चोवीस पुड्या असतील, वर नुसते आकडे, कुठल्या गावच्या ते मलाही माहीत नसणार, मैत्रीण भरून देणार आहे. तुम्ही एकेक बघायची आणि काय वाटतं ते सांगायचं: रंगवलेली आहे का नाही, कशावरून. यंत्राचे आकडे मी नंतर काढणार, आधी नाही. माझ्या सरांना विचारलंय, ते म्हणाले वडिलांनी कबूल केलं तर प्रबंधात एक प्रकरण याचंच होईल. तुमची परवानगी असेल तर तुमच्या नावासकट.

दोन अटी. हातमोजे घालावे लागतील, कुरकुर चालणार नाही. आणि खरवडलेलं जिभेला लावून बघायची सवय त्या दिवसापुरती सोडायची. अंगणात बसू, घरात नको. खाली वर्तमानपत्र घालू आणि नंतर ते मीच गुंडाळून नेईन.

आई, तू लिहायचंस. रकाने मी आखून आणते, तुझ्या रजिस्टरसारखे. बाबा बोलतील ते शब्दाला शब्द लिही, "हॅट्, ही कसली हळद" म्हणाले तर तेही. नीटनेटकं करायला जाऊ नकोस.

दादाला म्हणावं त्या दिवशी लुडबुड करू नको.

तुमची,
धाकटी

ता. क. पितळी चमचा घेऊन येते. आई, तो परत मिसळणाच्या डब्यात घालू नकोस, देवघरात कुंकवाशेजारी ठेव.