‘ट्यूनिंगची गरज नाही’ म्हणून विकलेल्या इनटेक किटच्या नळीबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: कोल्ड एअर इनटेक किटमधील चुकीच्या व्यासाची नळी, योग्य भाग किंवा पूर्ण परतावा मिळण्याबाबत

महोदय/महोदया,

आपले कोल्ड एअर इनटेक किट (इंजिनाला थंड हवा पुरवणारी नळी आणि फिल्टर) ज्या स्पोर्ट्स कारसाठी आणि ज्या टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनासाठी विकले जाते, त्याच गाडीवर ते घरी, आपल्या पत्रकाबरहुकूम बसवले होते. खोक्यावर ‘ईसीयू ट्यूनिंगची गरज नाही’ असे छापले आहे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या (ईसीयू) सेटिंग बदलाव्या लागत नाहीत. हा दावा चुकीचा आहे आणि त्यावर विसंबून गाडी पळवली तर इंजिन खराब होऊ शकते.

मूळ एअर बॉक्सवर मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर) जिथे बसतो, तिथला आतला व्यास व्हर्निअर कॅलिपरने ७० मिमी भरतो. आपल्या ॲल्युमिनियम नळीचा त्याच जागी ७४ मिमी. फरक चारच मिलिमीटरचा, पण छेदाचे क्षेत्रफळ त्यामुळे जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढते. मॅफची तापलेली तार तिच्या जवळून जाणारा प्रवाह तेवढा ओळखते. नळी केवढी रुंद आहे हे तिला कळत नाही. तो हिशेब ईसीयूच्या तक्त्यात ७० मिमी धरूनच बसवलेला असतो. नळी रुंद झाली की तेवढ्याच हवेचा वेग कमी होतो, सिग्नल कमी जातो आणि पेट्रोलही कमी पडते.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर स्कॅनरवर शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिमची (ऑक्सिजन सेन्सर पाहून ईसीयू पेट्रोलात करते त्या तात्पुरत्या आणि साठवलेल्या दुरुस्तीची) बेरीज आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) +१८ टक्के आणि २५०० आरपीएमला +१३ टक्के दिसते. मूळ एअर बॉक्स परत लावला की दोन्हीकडे ती ±३ टक्क्यांत येते. म्हणजे सेन्सर, इंजेक्टर आणि फ्युएल पंप ठीक आहेत.

आपल्या तांत्रिक विभागाने ‘बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा, ईसीयू नव्याने शिकेल’ असे उत्तर दिले. ते मूळ प्रश्नाला भिडत नाही. ईसीयू शिकते, म्हणजे रुंद नळीमुळे लागणारी हीच +१२-१३ टक्क्यांची दुरुस्ती लाँग टर्ममध्ये साठवते. हळू चालवताना त्यावर निभावते. पण फुल थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) हे ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे न पाहता थेट मॅफच्या आकड्यावरून पेट्रोल देते, आणि साठवलेली दुरुस्ती तिथे लागू होत नाही. वाइडबँड मीटरवर (एक्झॉस्टवरून हवा-पेट्रोल प्रमाण मोजणारे मीटर) ते स्पष्ट दिसते: मूळ एअर बॉक्सवर ४५०० आरपीएमला १२.५ असणारे हवा-पेट्रोल प्रमाण आपल्या नळीवर १३.८ ते १४ होते. पूर्ण लोडवर इतके लीन (पेट्रोल कमी असलेले) मिश्रण म्हणजे नॉकिंगला, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण अवेळी भडकण्याला, आमंत्रण, आणि त्यात पिस्टनच्या रिंग लँडला (रिंगांमधल्या कडांना) तडे जाऊ शकतात. चेक इंजिनचा दिवा मात्र लागत नाही, कारण ट्रिम अजून पी०१७१ या लीन मिश्रणाच्या बिघाड-कोडच्या मर्यादेच्या आत आहे. म्हणूनच ही तक्रार गंभीर मानावी. स्कॅनर नसलेल्या ग्राहकाला यातले काहीच कळणार नाही.

आयडलला ट्रिम जास्त का, याचे कारण वेगळे आहे. ब्रीदर होजची (नळीतून इंजिनाच्या क्रँककेसला हवा देणाऱ्या पाइपची) मूळ तोटी बाहेरून १९ मिमी आहे, आपल्या नळीवरची १६ मिमी. क्लॅम्प कितीही आवळला तरी होजला चुणी पडते आणि त्या फटीतून मॅफने न मोजलेली हवा आत जाते. आयडलला पीसीव्ही (क्रँककेसमधले वायू इंजिनात ओढणारा व्हॉल्व्ह) याच होजमधून हवा ओढते आणि इंजिनाची एकूण हवाही तेव्हा थोडीच असते, त्यामुळे फटीचा परिणाम तिथे जास्त दिसतो. तोटीवर १९ मिमीची स्लीव्ह चढवल्यावर आयडलचा ट्रिम १२ वर आला, म्हणजे २५०० आरपीएमच्या बरोबरीला. उरलेला सगळा दोष व्यासाचा.

पत्रकात तर मॅफच्या स्क्रूंचा किंवा क्लॅम्पचा टॉर्क (किती आवळायचे ते माप) कुठेच दिलेला नाही. फिल्टर तेल लावून येतो, पण जादा तेल निथळू द्यावे असा एक शब्दही नाही. ते तेल मॅफच्या तारेवर बसले की रीडिंग आणखी बिघडते.

मागणी अशी आहे: मॅफच्या जागी आतून ७० मिमी आणि ब्रीदरला १९ मिमी तोटी असलेली नळी विनामूल्य पाठवावी. तशी नळी बनत नसेल तर किट परत घेऊन, पाठवणीच्या खर्चासह पूर्ण रक्कम परत करावी. ‘७४ मिमीसाठी ट्यून करून घ्या’ हा पर्याय मान्य नाही, कारण विक्री ट्यूनशिवाय चालेल या आश्वासनावर झाली आहे. खोक्यावरचा मजकूर ताबडतोब बदलावा आणि याच पार्ट नंबरचे किट घेतलेल्या सर्व ग्राहकांना, योग्य नळी मिळेपर्यंत फुल थ्रॉटल देऊ नका, असे लेखी कळवावे.

किट काढून जपून ठेवले आहे. तपासणीसाठी केव्हाही पाठवता येईल. १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: खरेदीची पावती, कॅलिपरच्या मापांचे फोटो, दोन्ही नळ्यांवरचे फ्युएल ट्रिम आणि वाइडबँडचे लॉग